वजनाआधी बांधणी बघा

'.२२३ रायफलमध्ये ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) कुठलीही गोळी हरणाच्या शिकारीला चालते' हे मत काही पटलं नाही. कोल्हा-सशासाठी बनवलेली पातळ आवरणाची गोळी हरणाच्या खांद्यावर फुटून वरवरच जखम करते. जनावर पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. बाँडेड (आतलं शिसं आवरणाला घट्ट जोडलेली) किंवा अखंड तांब्याची ६० ग्रेनच्या आसपासची गोळी घ्या. मात्र आधी नळीचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात, ते तपासा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि १२ इंचांत एक फेरा देणाऱ्या जुन्या नळीत ती डगमगते. ९ इंचांचा ट्विस्ट असेल तर प्रश्न नाही. आणि हो, कायदाही बघा: अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (इंचांतला व्यास) लागतं आणि .२२३ त्याहून लहान, तिथे हा वादच मिटला!