सल्ला हवा: सीडीआरचे करिअर एपिसोड कोणत्या कामांवर लिहू? (ऑस्ट्रेलिया, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट)

केळीपट्टा:
राम राम मंडळी. जळगावातूनच बी.ई. मेकॅनिकल केलंय. आधी एमआयडीसीत एका पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता ठिबकची कामं घेणाऱ्या डीलरकडे डिझाइन आणि साइट दोन्ही बघतो. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तिकडच्या इंजिनिअरांच्या संस्थेकडून स्किल असेसमेंट (व्हिसासाठी लागणारी शिक्षण-अनुभवाची तपासणी) करून घ्यायचंय, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट म्हणून, कोड 233914. आमचा कोर्स वॉशिंग्टन अकॉर्डखाली (एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायचा देशादेशांतला करार) येत नाही, म्हणजे सीडीआर, कॉम्पिटन्सी डेमॉन्स्ट्रेशन रिपोर्ट, आलाच.

त्यात तीन करिअर एपिसोड लागतात, म्हणजे आपण केलेल्या एकेका कामाचं सविस्तर वर्णन. डोक्यात आहेत ते असे: यावलकडची तापीवरून पाणी उचलायची एक स्कीम, कारखान्यातलं एक्स्ट्रूडरचं (पीव्हीसी वितळवून पाईप काढणारं मशीन) काम, आणि कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. पण लिहायला बसलो की पानभरात संपतं. साहेब म्हणतात, हे तर रोजचं काम, यात लिहिण्यासारखं काय? शहरातला एक एजंट तिन्ही एपिसोड तयार देतो म्हणतोय. काय करू?

भुसावळ_जंक्शन:
एजंटच्या नादी लागू नको भाऊ. तेच एपिसोड त्याने आणखी किती जणांना दिलेत हे तुला कळायचं नाही, पण तिकडच्या सॉफ्टवेअरला कळतं. चोरी सापडली की अर्ज बाद, वर काही काळ नव्याने अर्जही करता येत नाही. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, पण ते तुझं असू दे.

पाटचारी:
मी ह्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक एपिसोड 1000 ते 2500 शब्दांचा. सुरुवातीला शंभरेक शब्दांत कंपनी, गाव, काळ, तुझं पद. मग पार्श्वभूमी. मग तू स्वतः काय केलंस, हा खरा गाभा. शेवटी छोटा समारोप. प्रत्येक परिच्छेदाला नंबर द्यायचा, 1.1, 1.2 असा. ते नंबर पुढे समरी स्टेटमेंटमध्ये लागतात, तिथे 16 कॉम्पिटन्सींसमोर (त्यांनी ठरवलेली कौशल्यं) कुठल्या परिच्छेदात काय दाखवलंय ते सांगायचं असतं. सीपीडीची, म्हणजे पदवीनंतर केलेल्या कोर्स-ट्रेनिंगची, यादी वेगळी, एका पानात बसव. बाकी साइटवरची चालू पुस्तिका एकदा नीट वाच, नियम बदलत राहतात.

आता तुझी खरी अडचण. पानभरात संपतं, कारण तू "स्कीमचं डिझाइन केलं आणि यशस्वीपणे उभारली" असं लिहीत असणार. त्यांना निर्णय बघायचे असतात. तुझ्या तापीवाल्या स्कीमसारखंच एक उदाहरण घेऊ, आकडे माझे आहेत, तू तुझे घाल.

शेतीला थ्री फेज आठ तास मिळते, कधी दिवसा कधी रात्री. ही गोष्ट पार्श्वभूमीत आलीच पाहिजे, तिकडच्या माणसाला ती ठाऊक नसते आणि सगळं डिझाइन तिच्यावर उभं असतं. सेकंदाला 20 लिटर धरलं तर आठ तासांत 576 घनमीटर पाणी. केळीला ऐन उन्हाळ्यात झाडामागे 25 लिटर, पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण 1740 झाडं. म्हणजे तेरा एकर भिजतं.

आता पाईप. लांबी 1200 मीटर. शेतकरी म्हणतो 140 मिमीचा टाक, स्वस्त पडतो. त्याचा आतला व्यास 130 च्या आसपास. हेझन-विल्यम्सच्या सूत्राने, सी (पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा) 140 धरून, घर्षणातच 20 मीटर हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब, जातं. 160 चा पाईप घेतला, आतून साधारण 150, की तेच 10 मीटरवर येतं. नदीपासून शेतापर्यंतची चढण 22 मीटर, फिल्टर आणि ठिबकला मिळून 15. एकूण हेड 57 की 47? पंपाची कार्यक्षमता 65 टक्के धरली तर पहिल्याला 23 एचपी लागतात, दुसऱ्याला 19. म्हणजे 25 ची मोटर टळली, 20 च्या मोटरवर भागलं. पाईपचा जादा खर्च किती आणि विजेत वाचले किती, हे पुढे मांडायचं.

बघ, एका पाईपच्या व्यासावर तीन-चार परिच्छेद झाले. त्यात गणित आलं, पर्यायांची तुलना आली, शेतकऱ्याला पटवणं आलं. तेही लिही बरं का, संवादकौशल्य ही सुद्धा त्या सोळांतली एक आहे.

आणि सगळीकडे "मी". आपल्याकडे साइटवर एकट्याने कोणी काही करत नाही, त्यामुळे लेखणीतून "आम्ही" आपोआप येतं. पण असेसरला फक्त तू हवा असतोस. साहेबांनी काय मंजूर केलं, फिटरने काय केलं ते एका वाक्यात सांग आणि आपल्या कामाकडे वळ.

केळीपट्टा:
दादा, हे तर मी रोज एक्सेलमध्ये करतो! लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. एक्स्ट्रूडरचं मात्र अवघड वाटतंय. तिथे डिझाइन काहीच नव्हतं, पाईपच्या भिंतीची जाडी कमीजास्त येत होती, ती ताळ्यावर आणली.

डायहेड:
मी पाईप लाइनवरच असते, म्हणून राहवलं नाही. अहो, ह्यात काहीच नव्हतं कसं म्हणता? दोष कसा ओळखला ते लिहा. पाईप कापून घेरावर आठ ठिकाणी जाडी मोजली. एका बाजूला जाड आणि समोर पातळ असेल तर डाय (पाईपला आकार देणारा साचा) सेंटरला नाही, बोल्टने सेट करावी लागते. घेरावर सगळीकडे सारखी पण लांबीत कमीजास्त होत असेल तर डायला हात लावायचं काम नाही, हॉल-ऑफचा (पाईप पुढे ओढणारं युनिट) वेग किंवा स्क्रूमधून येणारा माल बघायचा. तुम्ही कोणतं वगळलं आणि कशावरून, हाच एपिसोड. आधीची आणि नंतरची मोजमापं तक्त्यात द्या.

फक्त कंपनीची ड्रॉइंग किंवा मालाची रेसिपी जोडू नका. आकृती स्वतःची काढा.

पांझराकाठ:
मूळची धुळ्याची, सध्या ओंटारियोत. आमच्याकडे सीईटी (सर्टिफाइड इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट) व्हायला असे तीन एपिसोड नसतात, एकाच विषयावर पूर्ण टेक्नॉलॉजी रिपोर्ट असतो आणि विषय आधी मंजूर करून घ्यावा लागतो. निष्कर्ष आणि शिफारशी त्यातूनच निघाल्या पाहिजेत. पण मला पाटचारींचं एक पटत नाही. इतकं गणित मजकुरात ओतलं की वाचणारा कंटाळतो. मुख्य सूत्र आणि निकाल ठेवावेत, बाकी तक्त्यात.

पाटचारी:
ताई, तक्त्याला ना नाही. पण आपली पोरं गणित तक्त्यात टाकतात आणि वर नुसतं "कॅल्क्युलेशन केलं" लिहितात. म्हणून एकदा तरी ते मजकुरातून चालवून दाखवावं असं माझं मत आहे.

भुसावळ_जंक्शन:
कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल कोणी बोललंच नाही. चालतो तो, पण चौघांचा ग्रुप असेल तर तुझ्या वाट्याचं नेमकं काय हे दाखवणं जड जातं. ठिबकमधलंच दुसरं काम असेल तर ते घे. फिल्टर चोक व्हायचा, लाइनीत हवा अडकायची, असं काही?

केळीपट्टा:
आहे की. चोपड्याकडे एका शेतात लाइन चालू करताना दर वेळी उंचवट्याजवळ पाईप फाटायचा. तिथे एअर व्हॉल्व्हच नव्हता. नवीन बसवला, पंप चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायची सवय लावली, थांबलं. हाच घेतो तिसरा.

पाटचारी:
झकास. लाइनीचा उभा छेद काढ, उंचवटा कुठे आणि व्हॉल्व्ह कुठे ते दाखव. आणि पाईप फाटायचं कारण हवा हेच कशावरून ठरवलंस ते आधी लिही. पाईपच कमी दाबाचा होता का, हे तपासलंस ना?

केळीपट्टा:
हो, तपासलं. पाईप सहा किलो दाबाचाच होता, आणि लाइनीतला दाब गेज लावून बघितला होता. चालू झाल्यावर दाब चारच्या आतच असायचा.

पाटचारी:
मग तो आकडा लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नको.

केळीपट्टा:
शेवटचं एक. अनुभवाचं पत्र द्यायला साहेब तयार आहेत, पण म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो.

डायहेड:
सगळीकडे असंच चालतं. लेटरहेडवर घ्या, रुजू झाल्याची तारीख, पद, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि प्रत्यक्ष करता ती कामं. एपिसोडमधल्या तारखा आणि पद पत्राशी जुळतायत का ते सही घ्यायच्या आधी बघा. नंतर साहेब साइटवर निघून गेले की आठवडाभर सापडत नाहीत.

भुसावळ_जंक्शन:
घाबरू नको भाऊ, व्हई जाई. पहिला एपिसोड झाला की कंपनीचं नाव काढून इथेच टाक, वाचू सगळे.