सिनियर सोडून चाललेत, त्यांच्या डोक्यातलं टीममध्ये कसं ठेवायचं?

उद्यमबाग_कोडर
नमस्कार. बेळगावात आठ-दहा जणांच्या एका कंपनीत आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी (धातू ओतायच्या कारखान्यांसाठी) उत्पादनाचं सॉफ्टवेअर करतो. हीट नंबर (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), धातूची केमिस्ट्री, भट्टीत परत जाणाऱ्या रनर-रायझरचं (ओतकामात उरणाऱ्या जादा धातूचं) वजन, रिजेक्शन, डिस्पॅच, सगळं त्यात आहे. पहिल्यापासून असलेले आमचे सिनियर पुढच्या महिन्यात पुण्याला चाललेत. मालक म्हणतात, नोटीस पिरियडमध्ये त्यांच्याकडून सगळं लिहून घ्या.

मला धास्ती वाटते ती अशी. मध्यरात्रीनंतर ओतलेल्या हीटला आदल्या दिवसाची तारीख लावणारी एक अट कोडमध्ये होती. नव्या मुलाला ती चूक वाटली, त्यानं काढली. रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्यानं कोड तपासताना, तो बदल मंजूरही झाला. महिनाअखेरीस उत्पादन आणि विजेचा हिशेब जुळेना. तिसरी पाळी रात्री सुरू होते आणि फाउंड्री तिचं सगळं उत्पादन सुरुवातीच्या तारखेलाच धरते, हे सिनियरनी एका वाक्यात सांगितलं. अशी अजून किती वाक्यं त्यांच्याकडे आहेत, कुणालाच ठाऊक नाही. यावर कुणी नीट अभ्यास केलाय का? सांगा की.

निपाणीकर
विकी (टीमच्या नोंदींची सामायिक वेबपानं) सुरू करा. प्रत्येक मॉड्यूलला एक पान, आणि सिनियर समजावत असताना स्क्रीन रेकॉर्ड करा. आम्ही तसंच केलं.

खानापूर_रोड
अभ्यास भरपूर झालाय, आणि तो वाचल्यावर मालकांचा बेत मला तोकडा वाटतो.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ सालीच मांडलं होतं, की प्रोग्रॅम करणाऱ्यांच्या मनात त्या कामाची जी समज तयार होते, तोच खरा प्रोग्रॅम. ती समज असलेली माणसं पांगली की कोड चालत राहतो, पण त्यात शहाणपणानं बदल करणं कुणाला जमत नाही. नुसत्या कागदांवरून ती समज परत उभी करणं जवळपास अशक्य, असं त्यांचं ठाम मत होतं. तुमची मध्यरात्रीची अट हे त्याचं अगदी नेमकं उदाहरण आहे. कोड समोर होता, फाउंड्री कशी चालते ते समोर नव्हतं.

पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये संशोधकांनी डेव्हलपरांच्या शेजारी बसून निरीक्षणं केली. को, डीलाइन आणि व्हेनोलिया यांचा २००७ चा अभ्यास १७ डेव्हलपरांवरचा आहे. अडल्यावर माणसं सर्वांत जास्त कुणाकडे वळतात? शेजारच्या सहकाऱ्याकडे. आणि ‘हे असं का लिहिलंय’ या जातीचे प्रश्न सर्वांत जास्त लटकून राहतात, कारण उत्तर देणारा जागेवर नसतो. तुमचा उत्तर देणारा तर महिनाभरात कायमचा जाणार.

ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. अवेलिनो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे १३३ लोकप्रिय प्रकल्प तपासले. त्यांतल्या ६५ टक्क्यांत एक किंवा दोन माणसं गेली तरी काम अडेल, अशी स्थिती निघाली.

म्हणून माझं सांगणं असं, की सिनियरना लिहायला बसवू नका. त्यांना जे उघड वाटतं ते ते लिहिणारच नाहीत, आणि नेमकं तेच तुम्हाला हवंय. या महिन्यात त्यांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. फाउंड्रीचा फोन आला की नव्यांनी घ्यायचा, दुरुस्ती नव्यांनी करायची, सिनियरनी बाजूला बसायचं. नवा माणूस जिथे अडेल आणि ‘का’ विचारेल, तेवढंच टिपून ठेवायचं. मायकेल नायगार्डनी २०११ मध्ये निर्णयाच्या छोट्या नोंदींचा साचा सुचवला होता. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. एक पान पुरतं, आणि ते कोडच्या शेजारीच ठेवायचं. विकीत ठेवलेलं पान कोड बदलताना कुणी उघडत नाही, निपाणीकर, हे मी पुण्यात पुष्कळ पाहिलंय.

आपल्या भागातली एक गोष्ट अभ्यासांत सापडत नाही. समजावणं मराठीत होतं, गोकाक-बैलहोंगलकडच्या कन्नड मुलांना ते अर्धं कळतं, आणि लिहायचं मात्र इंग्रजीत, म्हणून कुणीच लिहीत नाही. ज्याला ज्या भाषेत जमतं त्यात लिहू द्या. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, मिसळून लिहा. देवनागरी कॉमेंटनं कोड बिघडत नाही. समजलं नाही तर शेजारच्याला विचारता येतं, पण लिहिलंच नसेल तर काय विचारणार?

उद्यमबाग_कोडर
ताई, पटलं. पण तो बदल रिव्ह्यूत मंजूर झाला होता. मग रिव्ह्यूचा उपयोग काय ओ?

खानापूर_रोड
रिव्ह्यू कुणी केला होता, ते बघा. आयबीएममध्ये मायकेल फॅगननी १९७६ मध्ये कोडच्या तपासणीची पद्धत मांडली, ती चुका पकडण्यासाठी होती. आजही बहुतेकांना रिव्ह्यू त्यासाठीच वाटतो. पण बाकेली आणि बर्ड यांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले रिव्ह्यू तपासले, तेव्हा चुका अपेक्षेपेक्षा कमी सापडत होत्या. मिळत होतं ते ज्ञान, कोण काय करतंय याची जाण आणि दुसरे उपाय. आणि सर्वांत मोठी अडचण होती ती बदल समजून घेण्याची. विषय माहीत नसलेल्या दोघांनी एकमेकांचं तपासलं, तर मध्यरात्रीची अट कुणाच्या लक्षात येणार?

तेव्हा रिव्ह्यूला दोघे द्या, एक जाणकार आणि एक नवखा. नवख्यानं निदान एक ‘का’ विचारल्याशिवाय मंजुरी नाही. शिवाय त्या अटीची टेस्ट (ती अट चालते का हे आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहा आणि तिच्या नावातच तिसऱ्या पाळीचा उल्लेख करा. पुढे कुणी अट काढली तर टेस्ट लाल, म्हणजे नापास, होईल आणि कारणही समोर दिसेल.

निपाणीकर
टेस्टच्या नावाचं चांगलं सुचवलंत. आमच्याकडे तंबाखूच्या व्यापाऱ्यांचा हिशेब आहे, त्यातही अशा अटी पुष्कळ आहेत.

उद्यमबाग_कोडर
मालकांशी उद्याच बोलतो. पण एका महिन्यात सगळं कसं होणार? सुरुवात कुठून करू?

खानापूर_रोड
सगळं होणार नाही, ते धरूनच चाला. गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून ज्या फाइलींना फक्त सिनियरनीच हात लावलाय त्यांची यादी काढा. त्यातल्या पैशाशी आणि हीटच्या नोंदीशी जोडलेल्या फाइली आधी घ्या. रिपोर्टची सजावट वगैरे सोडून द्या, ती कुणालाही जमेल. नव्या मुलांना तिसऱ्या पाळीला एकदा भट्टीवर घेऊन जा, सिनियरना सोबत न्या. आणि ते जाण्याआधी महिनाअखेरचं क्लोजिंग (हिशेब बंद करणं) एकदाच येणार आहे. ते नव्यांच्या हातून करून घ्या, सिनियर खोलीत असताना.