मदत हवी आहे: चढणीनंतरचा मुक्काम मुलांना कसा समजावावा?

मी तंत्रनिकेतनात शिकवतो आणि पहिल्यांदाच गाव सोडून चाकणकडे नोकरीला निघालेल्या अंतिम वर्षाच्या मुलांना निरोपाचे चार शब्द सांगायचे आहेत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालते. दिवे घाटाची चढण संपली की सासवडला मुक्काम पडतो, आणि तिथे पायांना तेल चोळत बसलेले वारकरी मी जवळून पाहिले आहेत. आमची मुले मात्र वर्षभरात बढती मिळाली नाही की स्वतःला मागे पडलेली समजतात, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या पहिल्या नोकरीतला असा मुक्काम, म्हणजे थांबल्यासारखा वाटलेला पण हाताला काही शिकवून गेलेला काळ, कृपया कुणी सविस्तर लिहून कळवाल का?