गोष्ट आधीच कळली होती, तरी नजर हटली नाही: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची, पंचवटी

मागच्या रविवारी मी, माझा 14 वर्षांचा मुलगा आणि सासरे असे तिघं सिनेमाला गेलो होतो. मध्यंतरापर्यंत मुलाने तीन वेळा माझ्या कानात पुढचं सांगून टाकलं. हा मरणार. ही फितूर निघणार. तो हरवलेला भाऊ परत येणार. तिन्ही गोष्टी अगदी तशाच घडल्या. येताना रिक्षात तो चिडून म्हणाला, "आई, एवढा खर्च केला आणि यांना गोष्ट लिहायला माणूस मिळाला नाही का?"

बाबा मात्र सगळा वेळ पुढे झुकून बसले होते. समुद्रातल्या वादळाच्या प्रसंगात तर त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती. नातवाचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "अरे, काळारामाच्या देवळात इतकी वर्षं रामजन्माचं कीर्तन ऐकतोय. राम जन्मणार हे मला माहीत नसतं का?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 1913 चा राजा हरिश्चंद्र, 1917 चा लंकादहन, 1919 चा कालियामर्दन. यातल्या एकाचाही शेवट माहीत नसलेला माणूस थिएटरात असेल असं मला वाटत नाही. लंका जळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोक गेले ते मारुती उडताना कसा दिसतो हे बघायला. पण मग माझ्याच मुलाचा राग मला खोटा का वाटत नाही? कारण त्या सिनेमातलं वादळ सोडलं तर दुसऱ्या दिवशी मलाही काही आठवेना.

म्हणून विचारते. गोष्ट ठरीव असली तर चित्र तिला सावरतं का, नुसतं देखणं असून भागतं का? गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळली आणि तरी तुम्ही खिळून राहिलात, असं कधी झालंय का? किंवा डोळे दिपले आणि मन कोरडंच राहिलं, असं? नुसती मतं नकोत. कुठे, कोणाबरोबर, काय दिसलं, ते लिहा.

केबिनमधला, जुने नाशिक

मी 19 वर्षं ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारा होतो. गावातल्या दोन एकपडदा थिएटरांत काम केलं, दोन्ही आता बंद आहेत.

ताई, प्रेक्षक एक सिनेमा एकदा बघतो. आम्ही तो दिवसाला चार खेळ, आठवड्याला अठ्ठावीस वेळा बघायचो. शुक्रवारी रात्रीपर्यंत कुठलीच गोष्ट आम्हाला नवी राहत नसे. त्यात केबिनमध्ये मशीनचा एवढा आवाज, की संवाद धड ऐकू यायचे नाहीत. भिंतीतल्या छोट्या काचेतून फक्त चित्र दिसायचं. 2000 फुटांचं रीळ म्हणजे साधारण 22 मिनिटं. तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ लावायचं, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात त्या पुढे सरकवायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडतो. मग पडद्याच्या कोपऱ्यात गोल ठिपका उमटला की चेंजओव्हर, म्हणजे हे मशीन बंद आणि दुसरं चालू.

या धावपळीतही काही सिनेमांत असं एखादं रीळ असायचं, की मी काम आटपून काचेला डोळा लावायचोच. विसाव्या वेळेलाही. एका सिनेमात एक बाई पावसात चूल पेटवते. ओली लाकडं, धूर, ती फुंकणी घेऊन वाकलेली, आणि शेवटी एक ज्योत तिच्या गालावर उजेड टाकते. एवढंच. गोष्ट अगदी ठरीव होती, नवरा शहरात गेला आणि बदलला. पण ती चूल पेटली की खालच्या स्टॉलातली खुसपुस थांबायची. मी दर खेळाला ते ऐकायचो, म्हणजे ती शांतता ऐकायचो.

याच्या उलटही सांगतो. खूप खर्चाची, आगीची, मोटारी उडवण्याची रिळं यायची. पहिल्या दिवशी शिट्ट्या पडायच्या. सोमवारपासून त्याच रिळाला लोक बिडी ओढायला बाहेर जायचे. डोअरकीपरला विचारायची गरज नसे, दार उघडलं की पडद्यावर उजेडाची तिरीप यायची आणि ती मला वरून दिसायची. सिनेमा किती आठवडे चालणार हे मी त्या तिरिपी मोजून सांगायचो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

माझं मत सरळ आहे. नाही भागत. कंपनीतून सुटी काढून, चौघांची तिकिटं काढून, वर मुलांना पॉपकॉर्न घेऊन मी जातो तेव्हा मला गोष्ट हवी असते. नुसतं देखणंच बघायचं तर पावसाळ्यात बायकोला घेऊन दुगारवाडीचा धबधबा लांबून बघीन, पेट्रोलचे पैसे सोडले तर फुकट.

बाहुबलीचं उदाहरण सगळे देतात. मी 2015 ला पहिला भाग पाहिला. धबधबा भव्य, राजवाडा भव्य, सगळं मान्य. पण आमच्या लाइनवर दोन वर्षं जेवणाच्या सुटीत चर्चा कशाची होती? कटप्पाने बाहुबलीला का मारलं याची. धबधब्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये दुसरा भाग आला तेव्हा आम्ही सहा जण पहिल्या दिवशी गेलो, ते त्या एका प्रश्नासाठी. म्हणजे लोकांना परत थिएटरात आणलं ते गोष्टीनेच.

गोदाकाठची

सातपूर, हे पटलं. माझा मुलगाही वाचून मान डोलावतोय.

रोटोवाली, मूळ नाशिकरोड, सध्या मुंबई

हे सगळं वाचून हात शिवशिवले, कारण ती दिपवणारी चित्रं करणाऱ्यांपैकी मी एक आहे. अगदी खालच्या पायरीवरची. माझं काम रोटोचं. पडद्यावरच्या माणसाच्या कडेने रेघ काढून त्याला मागच्या दृश्यातून सोडवायचं, म्हणजे मग मागे महाल लावा, डोंगर लावा, काहीही लावा. एका सेकंदात 24 फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120 वेळा तोच हात, तीच बोटं, तोच पदर. वाऱ्यावर उडणारे केस असले की पोटात गोळा येतो.

तर एकदा मला एका आईचा शॉट आला. ती मुलाला युद्धाला निरोप देते. मला पटकथा कोणी दाखवत नाही, फक्त तुकडा येतो. पण निरोप म्हटल्यावर तो परत येणार नाही हे कळायला पटकथा कशाला लागते? चार दिवस मी त्या बाईच्या उजव्या हाताच्या कडेने रेघ काढत होते. एकोणनव्वदाव्या फ्रेमला तिची करंगळी त्याच्या शेल्याच्या काठात अडकते आणि ती एक क्षण सोडवत नाही. तीन फ्रेम. सेकंदाचा आठवा भाग. दिग्दर्शकाला तरी ते माहीत होतं का कोण जाणे, पण त्या नटीला नक्की माहीत होतं. त्या जागी मला रडू आलं, शेवट माहीत असून.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन नाशिकरोडलाच बघितला. त्या शॉटमध्ये मागे एवढा मोठा सोन्याचा दरवाजा, हत्ती आणि फुलांचा पाऊस घातलेला होता की करंगळी कोणाला दिसलीच नाही. आईलाही नाही. म्हणून ठाम सांगते, चित्र कथेला सावरतं का हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. कधी कधी चित्रच चित्राला झाकतं, आणि जे झाकलं जातं तीच खरी गोष्ट असते.

इंदिरानगर_बोगदा

अवतार 2009 ला पाहिला तेव्हा मी कॉलेजात होतो. बाहेरचा माणूस येतो, तिथलाच होऊन जातो, आपल्याच लोकांशी लढतो. मित्राने पंधराव्या मिनिटाला हे सांगितलं आणि बरोबर सांगितलं. तरी मी पुन्हा दोनदा गेलो. रात्रीच्या जंगलात पाऊल टाकलं की जमीन उजळते, त्यासाठी.

2022 ला दुसरा भाग आला तेव्हा मुलीला घेऊन गेलो. पण इथल्या एका थिएटरात थ्रीडीचं चित्र इतकं अंधूक होतं, की पाण्याखालची निम्मी दृश्यं काळपट दिसली. चष्म्याने उजेड कमी होतोच, त्यात प्रोजेक्टरचा दिवा मंद ठेवला की संपलं. तक्रार केली, "असंच असतं" म्हणाले. ज्या सिनेमाची सगळी भिस्त चित्रावर, त्याचा उजेडच काढून घेतला. मुलगी मध्यंतरानंतर झोपली. चांगली गोष्ट अंधूक पडद्यावरही कळते, हे मला त्या दिवशी टोचलं.

केबिनमधला

इंदिरानगर, माझ्या काळी पडदा पिवळा पडला तर पब्लिक खुर्च्या आपटायचं. तुम्ही तक्रार केलीत ते बरोबर केलंत.

धाकटा_भाऊ, सिडको

माझ्या मोठ्या दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी आम्ही दर महिन्याला एक सिनेमा बघायचो आणि मी त्याला खुणांनी सांगत राहायचो. गुंतागुंतीची गोष्ट असली की माझे हात दुखायचे आणि तो कंटाळायचा. ठरीव गोष्ट असली की तो माझा हात बाजूला करायचा. "कळलं, आता बघू दे." तुम्ही ज्याला दोष म्हणताय त्यामुळे माझ्या भावाला सिनेमा निवांत बघता आला, हे इथे कोणीतरी लिहायला हवं होतं.

आणि तो बघतो कसं! गेल्या वर्षी एका ऐतिहासिक सिनेमात मोठी लढाई होती. हजारो सैनिक. लोक टाळ्या वाजवत होते. दादा घरी येऊन खुणांनी म्हणाला, डाव्या बाजूचे सगळे एकाच वेळी हात उचलतात, एकाच वेळी पडतात. इतकी माणसं, एकाचाही चेहरा नाही. मग म्हणाला, घोडा मात्र खरा होता, त्याचे कान भीतीने मागे गेले होते. सबंध लढाईत त्याला भीती दिसली ती एका घोड्याच्या कानात.

रोटोवाली

दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर पकडलं. गर्दी संगणकावर वाढवताना थोड्याशाच हालचाली पुन्हा पुन्हा वापरतात, वेळ मिळाला तर त्या मागेपुढे करतात. बहुधा वेळ मिळालेला नसतो.

वाटाण्याच्या_बाई, त्र्यंबक रस्ता

मी सहावीला विज्ञान शिकवते. फाळक्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. 1912 मध्ये त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला, पण पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचं रोप होताना दाखवलं. बी रुजतं, कोंब येतो, रोप वाढतं. याहून ठरलेली गोष्ट जगात दुसरी नसेल. त्यावर त्यांना भांडवल मिळालं.

हे सांगितल्यावर मुलं म्हणाली, आपण करू. खिडकीत कुंडी, समोर माझा जुना फोन, शाळेच्या वेळेत दर तासाला एक फोटो, पाळीने. मधे एकदा झाडताना कुंडी फिरली, रविवारची चित्रं नाहीतच, त्यामुळे रोप मधेच उडी मारतं. अकरा दिवसांचं सगळं मिळून जेमतेम तीन सेकंद झालं. वर्गात पडद्यावर लावलं. मातीला भेग पडते, वाकलेली मान वर येते, सालपट एका बाजूला लोंबतं आणि गळतं. साठ मुलं एकदम ओरडली. त्यातल्या निम्म्यांच्या घरी शेती आहे हो, कोंब फुटताना त्यांनी जन्मभर पाहिलाय! पुन्हा लावा, पुन्हा लावा, असं करत तास संपला.

मला वाटतं नुसतं देखणं असून भागत नाही. जे रोज समोर असतं आणि दिसत नाही, ते दाखवलं तर गोष्ट जुनी असली तरी चालते.

मखमलाबाद_मुक्काम, गाव पेठ तालुक्यात

आमच्याकडे बोहाडा असतो. रात्रभर सोंगं निघतात, संबळ आणि पिपाणी वाजते, मशालींचा उजेड. कोणतं सोंग कोणत्या सोंगामागून येणार हे म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांना पाठ. मी नऊ वर्षांचा असताना मामाच्या सोंगापुढे मशाल धरली होती. मामाच तो, दुपारी माझ्याबरोबर भाकरी खाल्लेला. पण मुखवटा चढवून तो वळला आणि मशालीच्या उजेडात रंगवलेले डोळे हलले, तेव्हा मी मशाल टाकून पळालो होतो. पुढच्या वर्षीही घाबरलो. त्याच्या पुढच्याही.

सिनेमात मला ते कधी मिळालं नाही असं नाही, पण फार थोड्या वेळा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

बाईंचा वाटाणा आणि हा मामा, दोन्ही वाचून थांबलो. माझं मत बदललं असं म्हणणार नाही. पण मी ज्यांना शिव्या देतो त्या सिनेमांत मामाही नसतो आणि मुखवटाही, हे लक्षात आलं.

गोदाकाठची

तुमचे सगळ्यांचे अनुभव रोज रात्री बाबांना वाचून दाखवते. काल ते म्हणाले, माझाही लिही. तर त्यांच्या शब्दांत लिहिते आहे.

"दिंडोरीकडच्या आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मी आठेक वर्षांचा असेन. संत तुकाराम लागला होता, प्रभातचा. पुढे बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या पाठीमागे बसलो. तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. पाटीवरची अक्षरं उलटी, टाळकरी डावरे, सगळं डाव्याचं उजवं. बोलणं वाऱ्याबरोबर यायचं आणि जायचं. तुकोबांची गोष्ट आईच्या तोंडून पाठच होती, त्यामुळे न ऐकता चाललं. शेवटी विमान वर गेलं आणि आवली खाली राहिली. पुढच्या बाजूला शेकडो माणसं बसलेली, पडद्यातून त्यांच्या बिड्यांचे ठिपके अंधुक दिसत होते. त्यांच्यातून कोणीतरी बाई मोठ्याने म्हणाली, 'आता तिनं पोरांना काय सांगावं?' विमान मी विसरलो असतो. ते वाक्य विसरलो नाही."

मुलाने विचारलं, "आजोबा, तो सिनेमा सरळ बाजूने कधी पाहिलात?" ते म्हणाले, नाही. या शनिवारी घरीच लावतोय. तंबूतला सिनेमा पाहिलेलं आणखी कोणी असेल तर लिहा, बाबा वाट बघतात.