‘फौजींचे लाड पुरे’ म्हणणाऱ्यांना

रानवाट (धागाकर्ता)
काल एका गटावर पोस्ट फिरत होती. मजकूर थोडक्यात असा: सैनिकानं पगार घेऊन नोकरी केली, त्याला पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना आहे. मग घरपट्टी माफ कशाला? आणि आता माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा करा म्हणतात, तो कशाला? शेवटी ठसक्यात ‘लाड पुरे’. खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर लिहिलं तर ॲडमिननं ‘राजकारण नको’ म्हणून उडवलं. म्हणून इथे.

वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. चाळिशीच्या आत घरी आले, पोरं शाळेत, घर अर्धं बांधलेलं. पुढची वीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. हे लाड असतील तर असोत.

पण मुद्दा भावनेचा नाही. माजी सैनिकाला जे मिळतं ते जवळजवळ सगळं पत्रावर, परिपत्रकावर नाहीतर जीआरवर उभं आहे. वन रँक वन पेन्शन घ्या, म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शनही सारखी, निवृत्ती कधीचीही असो. संसदेच्या कोश्यारी समितीनं २०११ मध्ये शिफारस केली. २०१५ च्या जूनपासून म्हातारी माणसं जंतरमंतरवर बसली, तेव्हा कुठे ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला. त्यातही फेरआढावा दर पाच वर्षांनी. कोर्टात गेले, तर १६ मार्च २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हा धोरणाचा प्रश्न आहे, यात घटनेचा भंग दिसत नाही. १ जुलै २०१९ पासूनचा फरक द्या एवढं मात्र बजावलं. तो फरकही हप्त्याहप्त्यानं आला, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत किती जण गेले ते त्यांच्या घरच्यांना विचारा. संसदेनं केलेलं कलम हातात असतं तर कोर्टाला ‘धोरण’ म्हणून बाजूला होता आलं नसतं. मागणी एवढीच आहे.

हिशेबी
ती पोस्ट माझी नाही, पण अंगठ्यांत माझा एक होता, लपवत नाही.

कायदा केला की पैसा वेळेवर येतो हे कोणी सांगितलं तुम्हाला? रोजगार हमीचा कायदा या राज्यात १९७७ चा आहे. मजुराला विचारा मजुरी कधी पडते. कलमानं पोट भरत असतं तर महाराष्ट्रात कुणी उपाशी राहिलं नसतं.

दुसरं. यवतमाळात कर्जापायी नवरा गेलेल्या बाईची घरपट्टी कुणी माफ केली? गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या बायकोची? देशसेवेचा मक्ता एकाच गणवेशाला कसा?

सुभेदार नाना
मक्ता म्हणे. या साहेब, एक हिवाळा द्रासला काढून दाखवा, मग मक्त्याचं बोलू.

फुकट फुकट काय लावलंय? ईसीएचएसला आम्ही रिटायर होताना पैसे भरलेत. कॅन्टीनचं सामान पैसे मोजून घेतो. घरपट्टीचं ऐका. मी शहरात राहतो. दाखला, डिस्चार्ज बुक, आधार, सगळी फाइल घेऊन गेलो. तिथला बाबू म्हणतो, सामान्य कर तेवढा माफ, बाकीचे उपकर भरावे लागतील. बिल किती कमी झालं ते सांगितलं तर हसाल. अन् हे म्हणे लाड!

ग्रामपंचायतीचा खांब
ग्रामसेवक आहे, नाव सांगत नाही. नाना, तुम्ही शहरातले, तुमच्या महापालिकेला दहा वाटा. माझ्याकडे घराघरात फौजी असलेलं गाव आहे.

माफीचा निर्णय २०२०चा. आधी शौर्यपदकवाले आणि सैनिकांच्या विधवा होत्या, मग सरसकट सगळे माजी सैनिक आले. घोषणा मंत्रालयात, टाळ्या तिकडे. खड्डा पडला माझ्या ग्रामनिधीत. त्याची भरपाई म्हणून माझ्या पंचायतीच्या खात्यात रुपया आलेला मी तरी पाहिला नाही. दिव्याचं बिल, पाणीवाल्याचा पगार, गटार, हे सगळं त्याच घरपट्टीतून चालतं. म्हणजे फौजीचा सन्मान शेजारच्या शेतमजुरानं करायचा.

आणि गंमत पुढेच आहे. ज्याला खरी गरज त्याला माफी मिळतच नाही. घर आजोबांनी बांधलेलं, नमुना आठवर, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, अजून बापाचं नाव, चार भावांत वाटप नाही. मग हा माजी सैनिक मालक कसा? अर्ज परत. उलट ज्यानं गावाबाहेर स्वतःच्या नावावर बंगला बांधलाय त्याची माफी पहिल्या आठवड्यात.

हिशेबी
हे घ्या. मी म्हणतो तेव्हा देशद्रोह, ग्रामसेवक म्हणाले की प्रशासकीय अडचण.

खडूफळा
तुम्ही सगळे पेन्शनवर भांडताय, तेवढं तरी आहे म्हणून भांडताय. आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले शिक्षक. जुनी पेन्शन गेली. २०२३ च्या मार्चमध्ये संपावर गेलो तर हेच लोक ‘मास्तरांचे लाड’ म्हणत होते. जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, खिचडी आम्ही...

सुभेदार नाना
मास्तर, खिचडी शिजवताना गोळी लागत नाही.

खडूफळा
निवडणुकीच्या ड्युटीवर उन्हानं माणसं मेलीत नाना. बोलण्याआधी जरा.

रानवाट
खडूफळा, तुमचा वेगळा धागा काढा, मी स्वतः पाठिंबा देतो. इथे विषय भरकटतोय. ग्रामपंचायतीचा मुद्दा रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. जीआर काढताना भरपाईचं कुणी पाहत नाही, कारण जीआर एका सहीनं निघतो. विधेयक आलं असतं तर सोबत आर्थिक ज्ञापन द्यावं लागलं असतं, विरोधकांनी विचारलं असतं, पैसा कुठून?

टोपीवाला
विधेयक आलं असतं तर विरोधकांनी सभात्याग केला असता आणि ते गोंधळात मंजूर झालं असतं. कुलाब्यातली आदर्श सोसायटीची इमारत विसरलात काय? सैनिकांचं नाव पुढे करून ३१ मजले चढले, आणि आत पाहिलं तर नेत्यांचे नातेवाईक, बाबू आणि वरच्या हुद्द्याचे फौजीही. तुमच्या हवालदाराला त्यात किती खोल्या मिळाल्या?

अनघा के.
पुरुषमंडळींची घरपट्टी संपली असेल तर एक विचारू? कायदा कायदा म्हणताय, त्यात बाईचं काय लिहिणार?

माझी बहीण वीरपत्नी आहे. भावजी गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, पोटात मूल. तेरावा झाला नाही तोच सासरी बैठक. विषय एकच, पैसा बाहेर जाता कामा नये. तोडगा काय, तर धाकट्या दिराशी लग्न. तो तिच्यापेक्षा लहान, बारावी नापास. आणि यात सासरचेच एकटे दोषी नाहीत बरं का. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद, पण मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू, असा सरकारचाच नियम होता. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काढला. २०१७! बाई म्हणजे कुळाची जमीन, कुळातच राहिली पाहिजे.

बहिणीनं नकार दिला. आज ती पुण्यात नोकरी करते, आणि गावात तिचं नाव ‘पैसे घेऊन पळालेली’.

दौलतकाका
ताई, तुमच्या बहिणीवर अन्याय झाला हे मान्य. पण नाण्याची दुसरी बाजू आमच्या घरात आहे. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा गेला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सून महिन्याभरात माहेरी गेली, पुढे लग्न केलं, तिचं भलं होवो. पेन्शन तिची, विम्यात नाव तिचं. भाऊ-वहिनीकडे राहिला तो फोटो आणि चौकातला फलक. ज्यांनी ऊस तोडून पोराला वाढवलं, भरतीसाठी पहाटे चारला उठवून पळवलं, त्यांना महिन्याला काय? शून्य.

सियाचिनच्या आगीत गेलेल्या कॅप्टन अंशुमान सिंग यांच्या आईवडिलांनी २०२४ साली हेच सांगितलं, नियम बदला म्हणून. सगळा देश त्या सुनेच्या मागे लागला ते चूक. पण मागणी चूक नव्हती.

अनघा के.
‘महिन्याभरात माहेरी गेली’. का गेली ते विचारलंत कधी? की तिलाही बैठकीत बसवलं होतं?

दौलतकाका
तुम्ही आमच्या घरात नव्हता. तोंड सांभाळून.

अनघा के.
तुम्ही सुनेच्या जागी नव्हता.

रानवाट
दोघांनाही विनंती, जरा दमानं.

टोपीवाला
धागाकर्ते, घरपट्टीचा धागा हुंड्यावर जायचा बाकी आहे. चालू द्या.

काळा कोट
भांडण सुटणार नाही, पण निदान गोंधळ कमी करतो. तुम्ही तीन वेगवेगळे पैसे एकाच पिशवीत घालताय.

कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नाही. ते नियमात ज्याचं नाव त्याला मिळतं, वारसाहक्कानं वाटत नाही. विवाहित असेल तर आधी पत्नी. अविवाहित असेल तर आईवडिलांना अवलंबितांचं पेन्शन. विम्याची रक्कम नामनिर्देशितांना, तिथे जवान स्वतः टक्के लिहून देऊ शकतो, पण युनिटमध्ये घाईत भरलेला कागद लग्नानंतर कोण उघडून बघतो? तिसरं, राज्यांचं सानुग्रह अनुदान. तिथे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. त्या कॅप्टनच्या बाबतीत उत्तर प्रदेशानं ५० लाखांपैकी ३५ पत्नीला आणि १५ आईवडिलांना दिले.

आणि बँकेतल्या पैशाचं म्हणाल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, बरोबरीची. बाप दुसऱ्या वर्गात. मुलगा गेल्यावर आईचा हिस्सा असतो हे गावात कुणाला ठाऊक नसतं, आईलाही नसतं. दौलतकाका, तुमच्या वहिनींनी कधी विचारणा केली होती?

दौलतकाका
नाही. सांगितलंच नाही कुणी. तहसीलदार आले, झेंडा दिला, फोटो काढला, गेले.

सुभेदार नाना
आता तुम्ही मुद्द्यावर आलात. आमच्या वेळी युनिटमधून एक माणूस घरी येऊन बसायचा, कागद पूर्ण होईपर्यंत हलायचा नाही. त्यानंतर सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या भरवशावर. तिथला बाबू चांगला निघाला तर ठीक. आता तर पेन्शनचं ते स्पर्श पोर्टल आलंय, मोबाइलवर. आमच्या गावातली एक म्हातारी, तिचा हयातीचा दाखला अंगठ्यावर उमटेना, तर पेन्शन थांबली. नवरा ६५ च्या लढाईतला.

हिशेबी
मी एक विचारतो, आणि टोमणा म्हणून नाही. इतका वेळ पेन्शन कुणाला, बायकोला की आईला, यावर भांडण चाललंय. अग्निवीराचं काय? त्याची पेन्शन ना बायकोला ना आईला. २०२२ च्या जूनमधली योजना. चार वर्षं, शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीच्यांना सेवा निधीचे अकरा लाख एकाहत्तर हजार देऊन नारळ. माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही. म्हणजे नानांच्या यादीतलं काहीच नाही. कर्तव्यावर गेला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या मुदतीचा पगार. रक्कम मोठी दिसते, पण दर महिन्याची पेन्शन नाही. २०२३ मध्ये सियाचिनला आपल्या बुलढाण्याचा मुलगा गेला तेव्हा हीच चर्चा झाली होती, आठ दिवस.

२०२२ च्या अखेरीला भरती झालेली पहिली तुकडी २०२६ च्या शेवटी घरी यायला लागेल. त्यांच्या घरपट्टीचं बघा कोणीतरी.

सुभेदार नाना
यावर मी काय बोलू. माझा नातू अग्निवीर आहे. सकाळपासून तुमच्यावर चिडून बसलो होतो, आणि बोललात ते नेमकं माझ्या घरातलं.

रानवाट
म्हणूनच म्हणतो, दर्जा कुणाला द्यायचा हेही सरकारी आदेशानं ठरतं आणि दुसऱ्या आदेशानं बदलतं. ‘माजी सैनिक’ कोण, याची व्याख्या कायद्यात असती तर अग्निवीराला बाहेर ठेवण्याआधी संसदेत उभं राहून सांगावं लागलं असतं.

हिशेबी
सांगितलं असतं आणि बहुमतानं मंजूरही झालं असतं. तरी चला, तुमची अर्धी मागणी मान्य. व्याख्या, कुटुंबातली वाटणी, थकबाकीवर व्याज, एवढं कायद्यात घाला. घरपट्टी, टोल, टाळ्या बाहेर ठेवा. पेन्शनदार सुभेदाराला माफी आणि बिनपेन्शनच्या अग्निवीराला पावती, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

सुभेदार नाना
घरपट्टी ठेवा तुमच्याकडे. बिल भरतो मी. नातवाचा दवाखाना द्या.

अनघा के.
वाटणी म्हणालात. लिहून घ्या, बाईनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिच्या लेकराचा वाटा कापायचा नाही.

दौलतकाका
आणि आईबापाचाही नाही. यावर तरी भांडू नका ताई.

अनघा के.
भांडत नाही. पण आधी बैठकीचं उत्तर द्या, मग बाकीचं बोलू.

ग्रामपंचायतीचा खांब
हे सगळं ठरेपर्यंत मार्चअखेर येतेय. वसुलीचा तक्ता वर पाठवायचाय, माफीची घरं कुठल्या रकान्यात दाखवू ते कुणी सांगाल का? गटविकास अधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, जीआर बघा.