स्क्विला पाळायचा आहे, टाकी कशी करू?

बार्देशी: मामांचा ट्रॉलर गोव्यात मालीमच्या जेटीला लागतो. जाळ्यात कधीकधी स्क्विला (मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीसारखा दिसणारा समुद्री जीव) जिवंत येतात, त्यातला एक घरी पाळावा असं मुलीच्या आणि माझ्याही मनात आहे. घरी गप्पींची दोन फुटी टाकी रिकामी पडलीय. हे काच फोडतात म्हणे, मग ॲक्रिलिकची घेऊ का? पाणी मिरामारच्या किनाऱ्यावरून आणलं तर चालेल?

खारेपाणी: दादा, काचेचं नंतर. आधी पुढची नांगी बघा. कंगव्यासारखे काटे असतील तर तो भोसकणारा, कोपराशी फुगीर गाठ असेल तर ठोसा मारणारा. काच तडकण्याची भीती ठोसेवाल्यांची. पीकॉक मॅन्टिस या ठोसेवाल्या जातीच्या ठोशाचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत जातो. ट्रॉलरला येतात ते बहुतेक चिखलातले, काटेवाले. त्यांना दगडांचा ढीग नको, बीळ हवं.

त्याच्या लांबीच्या दीडपट तरी बारीक वाळू घाला. आत पीव्हीसीचा पाइप यू आकारात पुरा, दोन्ही तोंडं वर उघडी. माझा संध्याकाळी तोंडाशी डोळे तेवढे वर काढून बसतो, एक इकडे, दुसरा तिकडे फिरवत. चिमट्यात तारल्याचा तुकडा धरला की वाळूचा धुरळा उडतो नि चिमटा रिकामा!

पावसात मिरामारचं पाणी अजिबात नको. मांडवीचं गोडं पाणी तिथेच समुद्रात येतं, खारेपणा घसरतो. आरओच्या पाण्यात ॲक्वेरियमचं मीठ घालून घनता 1.025 ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट (टाकीतल्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) तपासणीत शून्य येईपर्यंत जीव सोडायचा नाही, त्याला महिना-दीड महिना लागतो. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंदच असतात, तेवढ्यात टाकी तयार होईल.

फोंड्याची_ताई: गप्पींना कधी तांब्याचं औषध घातलं होतंत का? असेल तर ती टाकी नकोच. तांबं सिलिकॉनमध्ये, खड्यांत मुरतं आणि कोळंबीच्या जातीला ते विषच. आणि मुलीला बजावून ठेवा, टाकीत हात घालायचा नाही. नांगीचा वार खोल जातो.

बार्देशी: पांढऱ्या ठिपक्यांवरचं औषध घातलं होतं, त्यात काय होतं ते आठवत नाही. नवीच टाकी घेतो, काचेची. मामा म्हणतात, रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) मिळाला तर तोच घे.

खारेपाणी: मामांचं ऐका. ट्रॉलरच्या जाळ्यात माशांखाली चेंगरून निम्मा मेलेला असतो. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालेल असा घ्या. कात टाकायच्या वेळी तो बिळाचं तोंड बुजवून आत बसेल, खाणार नाही. मेला समजून उकरू नका.