एम्मा लाइनेचं फेड कप रेकॉर्ड वाचायचं कसं?

टायब्रेक_नगरकर: मंडळी, डोकं चालेना म्हणून विचारतोय. आतेभाऊ हेलसिंकीशेजारी एस्पोला असतो, त्याच्यामुळे फिनलंडच्या टेनिसचा नाद लागला. पुरुषांचं समजतं, आधी यार्को नीमिनेन होता, मग २०२३ ला मालागात डेव्हिस कपला (पुरुषांची देशादेशांची स्पर्धा) कॅनडाला घरी पाठवून सेमीला गेले. पण बायकांमध्ये ही एम्मा लाइने, सिंगल्सला रँकिंग पन्नासाच्या आसपास पोचलेली, आणि तिची फेड कपच्या (बायकांची देशादेशांची स्पर्धा) मॅचेसची यादी ही एवढी लांब! वर्ल्ड ग्रुपचं, म्हंजे सगळ्यात वरच्या गटाचं, मात्र काहीच सापडत नाही. मग एवढ्या मॅचेस म्हंजे भारी की नुसताच आकडा?

सेकंडसर्व्ह: नुसता आकडा नाही हो, पण वर्ल्ड ग्रुपच्या आकड्याशेजारी ठेवू पण नका. ही मंडळी त्याच्या खालच्या युरोप-आफ्रिका झोनमध्ये खेळतात. तिथे एका गावात सगळ्या टीम गोळा होतात, पूल (छोटे गट) पडतात आणि चार-पाच दिवसांत सगळा निकाल. एका टायला (दोन देशांच्या लढतीला) दोन सिंगल्स आणि एक डबल्स. मोठ्या देशाकडे डबल्सला वेगळी जोडी असते, छोट्या देशात जी एक नंबर तीच दुपारी सिंगल्स खेळते, टॉवेल बदलते आणि परत डबल्सला उभी राहते, आणि उद्या पुन्हा तेच. म्हणून यादी लांब. आणि एवढं करून डब्ल्यूटीएचे (बायकांच्या टेनिस टूरचे) रँकिंग पॉइंट शून्य! फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियन ओपन संपलं की लगेच हा आठवडा असायचा, म्हंजे स्वतःच्या टूरचा एक आठवडा गेलाच की.

काकडे_काका: ऑलिंपिकला जायचं तर या टीममध्ये नाव द्यावंच लागतं हे पण सांगा की. सगळंच देशप्रेम नसतं 😄

सेकंडसर्व्ह: काका, खरंय, पण त्याला ठरावीक वेळा हजेरी पुरते. वर्षानुवर्षं कोण येतं?

बारामती_बॅकहँड: मी गेल्या वर्षी, म्हंजे एप्रिल २०२५ ला, बालेवाडीत हाच फॉरमॅट (आशिया-ओशनिया ग्रुप वन, फेड कपचं आता नाव बिली जीन किंग कप) बघितला म्हणून सांगतो, टीव्हीवर याचा अंदाज येतच नाही. कॅप्टन कोर्टवरच बाकावर बसतो, प्रत्येक चेंजओव्हरला (बाजू बदलताना) पोरगी टेकते आणि तो कानाशी काहीतरी बोलत राहतो, आपण वरून नुसते ओठ बघायचे. कोरियाविरुद्ध आपल्या श्रीवल्लीनं तिची सिंगल्स काढली, वैदेही हरली, १-१, मग सगळं अंकिता रैना आणि आपल्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेवर. जिंकल्या! आता प्रार्थनाची सिंगल्सची पाटी बघाल तर त्या दिवशी कोरीच, पण टाय कुणी काढली? त्यामुळे लाइनेचं रेकॉर्ड बघताना नुसतं जिंकली-हरली नका बघू, स्कोअर १-१ असताना डबल्सला कोण उभी होती ते बघा.

सेकंडसर्व्ह: +१. २०२० ला दुबईत इंडोनेशियाविरुद्ध पण हेच झालं, ऋतुजा भोसले हरली, अंकितानं बरोबरी केली, सानिया मिर्झा-अंकितानं डबल्स ७-६, ६-० अशी घेतली आणि भारत पहिल्यांदाच प्ले-ऑफला, म्हंजे वरच्या गटात जायच्या लढतीला.

टायब्रेक_नगरकर: आत्ता टोटल लागली. भावाला फोन केला तर म्हणतो इकडे हिवाळ्यात बाहेर बर्फ, टेनिस हवेनं फुगवलेल्या तंबूत चालतं, आणि ऑफिसात टेनिसचा विषय काढला की लोक आइस हॉकीवर जातात 😂 बसतो आता एकेक टाय उघडून. डबल्स लाइनेबरोबर कोण कोण खेळलंय त्याची वही करतो, झाली की इथेच टाकतो.